इतिहासाच्या तासाला सिनेमा : कोंढाण्याचा धडा नेमका कसा घ्यायचा?

खडू_फळा

शाळेत इतिहासासाठी सिनेमा दाखवायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी ठरलेला प्रकार असतो. १९ फेब्रुवारीच्या आसपासचा दिवस, सगळ्या तुकड्या हॉलमध्ये, अडीच तासांचा सिनेमा. शिट्ट्या, घोषणा, शेवटी मुसमुसणं. मग सहामाहीच्या पेपरात 'कोंढाण्यावरील विजयाची कारणे' या प्रश्नाखाली सिनेमातला संवाद लिहिलेला सापडतो.

हे टाळून सिनेमा अभ्यासाचं साधन म्हणून कसा वापरायचा, यासाठी हा धागा. हातात आहे ते असं : ३५ मिनिटांची तासिका, वर्गात ५५-६० मुलं, एक स्मार्ट टीव्ही. सातवीला शिवकाल आहे. दहावीच्या पुस्तकात तर 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असा आख्खा पाठच आहे, तो बहुतेकदा वाचून संपवला जातो. उदाहरण एकच घेऊ, कोंढाणा, कारण चौथीपासून मुलांना तो पाठ असतो आणि २०२०चा 'तान्हाजी' जवळपास सगळ्यांनी पाहिलेला असतो. कोणता तुकडा, किती मिनिटं, सोबत काय वाचायला द्यायचं, काय फसतं, हे लिहा. 'मुलांना आवडतं' एवढ्यावर थांबू नका.

दफ्तरदार

सगळ्यात आधी, पूर्ण सिनेमा विसरा. एक प्रसंग, जास्तीत जास्त तीन मिनिटं, आणि त्यासाठी दोन तासिका. प्रमाण उलटं वाटेल, पण तीन मिनिटांच्या तुकड्यात दोन तासिका पुरून उरेल एवढा ऐवज असतो. कडा चढण्याचा प्रसंग घ्या. लढाईचा घेऊ नका, तिथे मुलं बघत नाहीत, ओरडतात.

पहिल्या तासिकेला टीव्ही बंद. फळ्यावर तीनच ओळी : पुरंदरचा तह, जून १६६५. २३ किल्ले मोगलांकडे, १२ महाराजांकडे. कोंढाणा त्या २३ मधला. मग सभासद बखरीतला कोंढाण्याचा उतारा शिक्षकांनी मोठ्याने दोनदा वाचायचा. उतारा लहान आहे. तानाजी कामगिरी अंगावर घेतो, पाचशे माणसं नेतो, मावळे रात्री कड्यावरून वानरासारखे चढतात, मोगलांचा किल्लेदार उदेभान याच्याशी झुंज होते, दोघेही पडतात, आणि तानाजीचा भाऊ सूर्याजी उरलेल्यांना सावरून गड घेतो. संपलं.

मग पाच-पाच मुलांचे गट. ६० मुलांत १२ गट. प्रत्येक गटाला एक ए-४ कागद, घड्या घालून सहा चौकटी. या उताऱ्यावरून सिनेमा काढायचा तर सहा चित्रं कोणती? रेघोट्यांची माणसं चालतील. नियम एकच : उताऱ्यात आहे ते पेनाने, नाही ते पेन्सिलीने आणि शेजारी प्रश्नचिन्ह. १२ मिनिटं द्या, जास्त नको. कागद गोळा करून बघा, निम्म्याहून अधिक चौकटी पेन्सिलीच्या निघतील. कपडे काय होते? दोर कशाला बांधला? पहारा कुठे होता? उतारा यातलं काही सांगत नाही आणि चित्र काढायचं तर हे सगळं लागतं. दिग्दर्शकाची अडचण मुलांना इथेच कळते, आणि पुढची चर्चा 'सिनेमावाले खोटं दाखवतात' इतकी सपाट होत नाही.

दुसऱ्या तासिकेला तोच तुकडा तीन वेळा. आधी आवाज बंद करून. मग डोळे मिटून फक्त आवाज. मग दोन्ही मिळून. पहिल्या वेळी काय दिसलं ते लिहून घ्यायचं, दुसऱ्या वेळी पोटात काय झालं ते. ढोल, शंख आणि मागचा कोरस काढून टाकला की तोच प्रसंग निम्मा उरतो, हे सांगावं लागत नाही.

उरलेल्या वेळात तक्ता. चार रकाने : सभासद, पोवाडा, चौथीचं पुस्तक, सिनेमा. ओळी : चढायला काय वापरलं, माणसं किती, शेलारमामा आहेत का, रायबाचं लग्न आहे का, तोफ आहे का, दोर कापला का, उदेभान कसा दिसतो, शेवटचं वाक्य काय. आठ ओळी पुरेत. बारा केल्या की शेवटच्या चार रिकाम्या राहतात.

पाटी_पेन्सिल

आराखडा चांगला, पण बखरीची भाषा सातवीच्या मुलांना पेलत नाही. 'हजारी', 'कबूल केले' इथपर्यंत ठीक. पुढे वाक्यरचनाच वेगळी लागते आणि मागच्या तीन बाकांवरचं लक्ष उडतं. माझं मत उलट क्रमाचं आहे. आधी सिनेमातली दोन स्थिरचित्रं दाखवा, 'यातल्या कशाचा पुरावा मिळेल?' असं विचारा, मग उतारा. शोधायला काही असलं की वाचतात.

दफ्तरदार

भाषेचा मुद्दा मान्य. उतारा मोठ्या टाइपात छापून कठीण शब्दांचे अर्थ समासात त्याच ओळीसमोर द्यावेत, खाली टीप म्हणून नकोत. मुलं खाली बघत नाहीत. सात-आठ शब्दांच्या वर अर्थ लागत असतील तर उतारा कापा.

क्रम मात्र बदलू नये. एकदा नटाचा चेहरा डोळ्यांसमोर आला की सहाही चौकटींत तोच चेहरा उतरतो, तीच दाढी, तीच ढाल. पेन्सिल-पेनाचा खेळ तिथेच संपतो. सिनेमा आधी पाहिलेला असतोच हे खरं, पण वर्षभरापूर्वी पाहणं वेगळं आणि पाच मिनिटांपूर्वी पाहणं वेगळं.

मोडी_वाचक

तक्त्यात भरायला पक्का मजकूर हवा म्हणून थोडं सविस्तर.

कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती १७व्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला. म्हणजे घटनेनंतर पाव शतकाने, पण महाराजांच्या दरबारात वावरलेल्या माणसाने. त्यात कड्यावर दोर चढवणारी घोरपड नाही. घोरपड येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. शेलारमामा आणि रायबाचं लग्नही तिथेच. हा पोवाडा अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या संग्रहामुळे सर्वांच्या हाती आला. त्याआधी तो तोंडोतोंडी फिरत होता, तेव्हा छापील शब्दन् शब्द १६७०चा धरू नये.

आता गंमत शेवटच्या वाक्याची. सभासदाकडे महाराज म्हणतात, 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' 'सिंह' तिथे नाही. 'गड आला पण सिंह गेला' हे घरोघरी पोचलं ते ह. ना. आपट्यांच्या कादंबरीमुळे, तिचं नावच ते. आणि कोंढाण्याला तानाजींमुळे सिंहगड नाव पडलं म्हणावं, तर १६७०च्या आधीच्या पत्रांतही 'सिंहगड' सापडतो. दहावीच्या वर्गाला हा एवढा धागा दिला तरी तासिका भरते.

म्हणून तक्त्याखालचा प्रश्न 'खरं की खोटं' असा विचारू नका. 'ही गोष्ट कथेत कधी आली आणि कोणासाठी आली?' असा विचारा. शाहिराला डफ-तुणतुण्यावर रात्रभर माणसं बसवून ठेवायची होती, त्याला घोरपड लागली. सिनेमाला मोठा पडदा भरायचा होता, त्याला 'नागिन' नावाची अजस्र तोफ लागली. पोवाडा हा त्या काळचा सिनेमाच. एकाला भाबडेपणाने मान द्यायचा आणि दुसऱ्याला झोडायचं, हे वर्गात तरी नको.

सह्याद्री_भटक्या

तोफेचं गणित नकाशावर करून घ्या. सिनेमात ती राजगडावर रोखलेली आहे, पण कोंढाण्यावरून राजगडापर्यंत गोळा पोचेल का? सरळ रेषेत अंतर सुमारे १५ किलोमीटर. त्या काळच्या थोरल्या तोफेचा पल्ला दोन-तीन किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी, आणि नेम धरून मारायचं तर त्याहून कमी. ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर पट्टी ठेवली तर ३० सेंटीमीटर भरतं. शाळेतली पट्टीच तेवढी. मुलांना हे फार पटतं.

दुसरं, पंचांग. तिथी माघ वद्य नवमी, शके १५९१, इंग्रजी तारीख ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. म्हणजे रात्रीचा पहिला भाग मिट्ट काळोखाचा. आता सिनेमातला, कॅलेंडरवरचा, पुस्तकातला कडा बघा आणि उजेड कुठून येतोय ते विचारा. पडद्यावर काहीतरी दिसायला हवं म्हणून निळा उजेड टाकावाच लागतो, हे मुलंच सांगतात. चालू महिन्यातल्या वद्य नवमीला चंद्र किती वाजता उगवतो ते दिनदर्शिकेत बघून यायला सांगा, घरचा अभ्यास तेवढाच.

पाटी_पेन्सिल

चंद्राची युक्ती झकास. घोरपडीवर मात्र गाडी अडते. 'घोरपडीला माणसाचं वजन पेलेल का?' यावर वर्ग अर्धा तास भांडतो आणि एखादा 'आमच्या रानात आहे, आणतो' म्हणतो.

सह्याद्री_भटक्या

आधी हे सांगून टाका, की घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं हा गुन्हा. वजनाचा वाद दोन मिनिटांत मिटवा : मोठी घोरपड सात किलोच्या आसपास, मावळा साठ किलोचा. मग मोडी_वाचक यांचा प्रश्न, ती आली कधी?

तारा_जोडणी

तांत्रिक बाबी कोणी लिहिल्या नाहीत आणि तास बुडतो तो इथेच.

शाळेच्या इंटरनेटवर थेट चालवू नका. चाक फिरत बसतं. पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. तीन मिनिटांचा तुकडा एमपी४मध्ये, एच.२६४ प्रकारात, ७२० रिझोल्यूशनला ठेवला तर जवळपास कुठल्याही टीव्हीवर चालतो. एचईव्हीसी (एच.२६५) या नव्या प्रकारात ठेवला तर जुन्या टीव्हीवर आवाज येतो आणि चित्र काळं, किंवा 'फाइल चालत नाही' अशी पाटी.

रात्रीचे प्रसंग उजेडाच्या वर्गात दिसत नाहीत, आणि कड्याचा प्रसंग रात्रीचाच. पडदे नसतील तर खिडक्यांना जुने फ्लेक्स उलटे लावा. टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिविड', ब्राइटनेस वर. तरीही दिसत नसेल तर प्रोजेक्टरच्या मागे लागू नका, प्रोजेक्टर अशा खोलीत टीव्हीपेक्षा वाईट.

आवाज : पत्र्याच्या छपराखाली मोठा स्पीकर घुमतो. छोटा ब्लूटूथ स्पीकर वर्गाच्या मध्यावर, स्टुलावर. आणि ब्लूटूथमुळे आवाज ओठांच्या मागे पडत असेल तर सरळ वायर लावा.

वीज गेली तर? सहा स्थिरचित्रांच्या छापील प्रती कपाटात असू द्या. धडा त्यावरही पूर्ण होतो, फक्त आवाजाचा भाग राहतो.

कायदेशीर_खटपट

हक्काचं थोडक्यात. स्वामित्व हक्क कायदा १९५७चं कलम ५२ शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात चित्रपट दाखवायला सवलत देतं. अट अशी, की प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच. तिकीट लावून गावाला बोलावलंत की सवलत संपली. तुकडा कापून शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर टाकणं ही वेगळीच भानगड, तिकडे जाऊच नका. वर्गातल्या सवलतीमुळे पायरेटेड फाइल काही वैध ठरत नाही. ओटीटीची सदस्यता वैयक्तिक असेल तर त्यांच्या अटीही वाचा.

दुसरं, सेन्सॉरचं प्रमाणपत्र. २०२४पासून यूए गटाचे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचे सिनेमे) वयानुसार तीन भाग झालेत : ७+, १३+, १६+. सातवीची मुलं बारा-तेरा वर्षांची. शंभूराजांवरच्या २०२५च्या 'छावा'मधला शेवटचा छळाचा भाग त्यांना दाखवण्यासारखा नाही, मग बाहेर त्यांनी कितीही वेळा पाहिलेला असो. पालकांना डायरीतून एका ओळीची सूचना द्या : कोणता सिनेमा, कोणता प्रसंग, किती मिनिटं. नंतरची बरीच कटकट वाचते.

चौकटीबाहेर

सगळ्यात नाजूक जागा अजून आलीच नाही. तुकडा संपतो, एखादा मुलगा घोषणा देतो, दुसरा वर्गातल्या एखाद्या मुलाकडे वळून बघतो. हे होतं. होईल असं धरूनच तास आखायचा.

करण्यासारखं असं : तुकडा दाखवण्याआधी फळ्यावर 'कोण कोणाच्या चाकरीत' अशी यादी. उदेभान राठोड, राजपूत, मोगलांकडून किल्लेदार. मिर्झाराजे जयसिंह, राजपूत, पुरंदरच्या तहात मोगलांच्या बाजूने. नूरखान बेग, महाराजांच्या पायदळाचा सरनोबत. दौलतखान, महाराजांच्या आरमारात. ही चार नावं असली की 'ते विरुद्ध आपण' ही मांडणी आपोआप डळमळते, भाषण द्यावं लागत नाही.

नाट्यीकरण करत असाल तर शत्रूची भूमिका चिठ्ठी टाकून द्या. आडनाव किंवा धर्म बघून तर कधीच नाही, आणि 'हौसेने घेतो सर' म्हणणाऱ्यालाही नाही, कारण ती हौस बऱ्याचदा बाकीच्यांनी लादलेली असते.

आणि सिनेमाने रंग कसे वाटलेत ते विचारा. उदेभानाच्या दरबारात काळोख, अंगावर काळे कपडे. इकडे भगवा आणि सोनेरी उजेड. हा निर्णय इतिहासाचा की कॅमेऱ्यामागच्या माणसांचा? आठवी-नववीच्या वर्गातही यावर उत्तम उत्तरं येतात.

मोडी_वाचक

चौकटीबाहेर, यादीशी सहमत. एक भर : उदेभान सभासदाकडेही शूर आहे, तो लढून पडतो. खलनायक तो पुढे झाला. तक्त्यातली सातवी ओळ त्यासाठीच नीट भरून घ्यावी.

गोणपाट_माती

दिवाळीच्या किल्ल्याबद्दल कोणी बोलणार का? आपल्याकडचं हे पोरांचं सगळ्यात जुनं चालतंबोलतं माध्यम. पण दरवर्षी तोच शंकू, वर सिंहासन, पायथ्याशी मावळे आणि प्लास्टिकची जीप. त्याच कामाला थोडं वळण द्या.

कोंढाण्याचा फक्त वरचा २०० मीटरचा भाग करायचा. प्रमाण १:४०००. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) २० मीटरला एक असते. नकाशाचा तेवढा तुकडा साडेबारा पट मोठा छापून घ्यायचा, म्हणजे एक किलोमीटर २५ सेंटीमीटर होतं. खोक्याचा पाचपदरी पुठ्ठा साधारण ५ मिलिमीटर जाड असतो, या प्रमाणात तो बरोबर २० मीटर. एक रेषा, एक थर, असे दहा थर. वर गोणपाट चिकटवून पातळ मातीचा हात.

इथे दोन गोष्टी फसतात. पुठ्ठ्यावर थेट ओली माती थापली की तो फुगतो आणि थर सुटतात, म्हणून आधी फेविकॉल-पाण्याचा हात देऊन पूर्ण वाळू द्यायचा. दुसरं, मुलांना गड उंच हवा असतो, ते प्रत्येक थर दुहेरी लावतात. मग उतार खोटा होतो आणि सगळाच गड कडा दिसायला लागतो.

रेषा कापतानाच कळतं, की डोणागिरीच्या कड्यापाशी त्या एकमेकींना चिकटतात, कात्री घालायला जागा राहत नाही. पहारा तिथे ढिला का असेल आणि तानाजींनी तीच बाजू का धरली असेल, हे त्या चिकटलेल्या रेषांवर बोट ठेवून विचारा. सिनेमातल्या कड्यापेक्षा हा कडा जास्त घाबरवतो.

पाटी_पेन्सिल

वा! अळीव पेरायचे की नाहीत? :)

गोणपाट_माती

पेरा, पण कड्यावर नको. चार-पाच दिवसांत उगवतात आणि मुळं माती सोडवतात. माचीवर ठीक.

दफ्तरदार

दहावीसाठी अजून एक. सिनेमा संपल्यावर त्याचं लोक काय करतात, हाही इतिहासाचाच विषय. १६८१ मध्ये मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटलं, 'छावा'त ते येतं. सिनेमा लागल्यावर, मार्च २०२५ मध्ये, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री बॅटऱ्या आणि धातुशोधक यंत्रं घेऊन सोन्यासाठी शेतं खणू लागले. बातम्या सहज मिळतात. दोन कात्रणं द्या आणि तीन प्रश्न : सिनेमाने काय सांगितलं, लोकांनी काय ऐकलं, मधली कडी कोणती? त्याच सिनेमातला लेझीमचा प्रसंग प्रदर्शनाआधी आक्षेपांमुळे वगळला गेला. म्हणजे पडद्यावर काय राहतं हे कागदपत्रांइतकंच समाजही ठरवतो. पाठ सहावा, 'मनोरंजनाची माध्यमे', यावर याहून ताजं उदाहरण नाही.

चित्रांचा तासही घेता येतो. महाराजांचं म्हणून कित्येक वर्षं भलत्याच माणसाचं चित्र छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डचांकडचं समकालीन चित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा हे थांबलं. ते चित्र, शाळेच्या भिंतीवरची तसबीर आणि सिनेमाचं पोस्टर, तिन्ही शेजारी लावून फक्त शिरपेच, दाढी आणि नजर यांची तुलना करायला सांगा.

खडू_फळा

सगळ्यांचे आभार. आराखडा जवळजवळ तयार झाला. एकच अडलंय : गुण कसे द्यायचे? अंतर्गत मूल्यमापनात बसवायचं तर 'छान लिहिलं' चालत नाही.

दफ्तरदार

दहा गुण धरा. तक्ता पूर्ण आणि प्रत्येक नोंदीसमोर कुठून घेतली ते लिहिलेलं : ४. पेन्सिलीच्या चौकटींपैकी कोणत्याही दोन, त्या तशाच का काढल्या याचं कारण : २. सिनेमातल्या एका बदलाबद्दल 'कधी आलं, कोणासाठी आलं' यावर पाच-सहा ओळी : ३. शेवटचा एक गुण, ज्याला तक्त्यातली एखादी जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवून 'या साधनात माहिती नाही' असं लिहिता आलं त्याला. हा गुण आधी जाहीर करू नका, नाहीतर सगळे रकाने रिकामे येतील.

मोडी_वाचक

रिकाम्या जागेचा गुण 'दोर कापला का' या ओळीला ठेवा. सूर्याजीने दोर कापल्याचं मुलांना इतकं पाठ असतं, की उतारा समोर असूनही सभासदाच्या रकान्यात न वाचता 'हो' लिहितात.